कुपीत साखर, कुपीत साबणाचा भाऊबंद

स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबची ४४० मिलिग्रॅमची मूळ कुपी घ्या. तिच्यात औषधाच्या जोडीला ४०० मिलिग्रॅम ट्रेहॅलोज नावाची साखर असते. संधिवातावरच्या इन्फ्लिक्सिमॅबचं प्रमाण आणखी चक्रावणारं. १०० मिलिग्रॅम औषधामागे ५०० मिलिग्रॅम सुक्रोज, म्हणजे आपल्या चहातलीच साखर! ही औषधं थेट शिरेत जातात, तेव्हा चवीचा प्रश्नच नाही. ही साखर पहारेकरी आहे. उष्णतेपासून आणि सुकण्यापासून ती औषधाचा आकार सांभाळते.

आकाराला इतकं महत्त्व का? ही औषधं म्हणजे अँटिबॉडी, इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची प्रचंड प्रथिनं. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूचं वजन १८० डाल्टन, तर एका अँटिबॉडीचं सुमारे दीड लाख. चार साखळ्यांची ही घडी उलगडली की औषध संपलं. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसंच इथे घडतं. आत दडलेले पाण्याला नकोसे भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. अशा गुठळ्या नुसत्या निरुपयोगी ठरून थांबत नाहीत. शरीर त्यांना परकं समजून औषधाविरुद्धच प्रतिकार उभा करू शकतं. म्हणून छोट्या इंजेक्शनच्या कुपीत १० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ६,००० च्या आत आणि २५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ६०० च्या आत असावे लागतात. डोळ्यांना दिसणार नाहीत असे कणसुद्धा मोजले जातात!

मग घडी उलगडते कधी?

अँटिबॉडीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तापमानाला उलगडतात. दांड्याचा वरचा भाग साधारण ७० अंश सेल्सियसला हार मानतो, तळाचा भाग ८० च्या पुढेही तग धरतो. ७० अंश! चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तरी ७० फार दूर. तर मग २ ते ८ अंशांचा हट्ट कशासाठी? कारण नासाडी संथपणेही होते. घडी पूर्ण उलगडायच्या खूप आधी प्रथिनातली काही अमिनो आम्लं बदलतात, काहींचं ऑक्सिडीकरण होतं, गुठळ्या हळूहळू वाढतात. बारा तासांत न दिसणारं नुकसान बारा महिन्यांत दिसतं.

उष्णतेची परीक्षा घ्यायच्या युक्त्या मात्र झकास आहेत. प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनवर अतिनील प्रकाश टाकला की ते स्वतःच चमकतं. घडी उलगडत गेली की त्या चमकेचा रंग सरकतो. यासाठी औषधाचे काही मायक्रोलिटर पुरतात. दुसऱ्या युक्तीत कोविडकाळात सर्वांच्या तोंडी झालेलं पीसीआरचं यंत्र कामाला येतं. मिश्रणात एक खास रंगद्रव्य घालायचं आणि तापमान चढवत न्यायचं. प्रथिनाचा आतला भाग उघडा पडला की ते रंगद्रव्य उजळतं. एका खेपेत ९६ मिश्रणं तपासून होतात: कुठे साखर जास्त, कुठे आम्लता कमी, कुठे वेगळा क्षार.

पण ही झाली चाळणी परीक्षा. ७० अंशांवर जिंकलेलं मिश्रण ५ अंशांवरही जिंकेल याची हमी नसते, कारण दोन्ही तापमानांवर बिघाडाच्या वाटा वेगळ्या. म्हणून नमुने महिनोन् महिने ५, २५ आणि ४० अंशांवर ठेवून पुन्हा पुन्हा तपासतात. खोक्यावरची मुदत अखेर ठरते ती खरोखर काळ लोटल्यावर हाती आलेल्या आकड्यांवर. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

साबणाचा भाऊबंद आणि चोरटा शत्रू

अँटिबॉडीला हवेचंही वावडं. कुपी हलवली की द्रव आणि हवा यांच्या सीमेवर रेणू ताणले जातात आणि चिकटतात. त्यावर उपाय पॉलिसॉर्बेट. साबणासारखंच पृष्ठभाग काबीज करणारं हे रसायन कुपीत चिमूटभर असतं. ते सीमेवरची जागा आधीच अडवतं.

इथेच या क्षेत्रातली सर्वांत रंगतदार शोधकथा घडली. बऱ्याच अँटिबॉडी चिनी हॅमस्टरच्या पेशींमध्ये बनवतात. पुढे कितीही शुद्धीकरण केलं तरी त्या पेशींची काही विकरं नाममात्र उरतात, आणि फ्रिजमध्ये बसल्या बसल्या पॉलिसॉर्बेट तोडत राहतात. मोकळी झालेली मेदाम्लं महिन्यांनी कणांच्या रूपात दिसू लागतात. औषध धडधाकट, आणि पहारेकरी फस्त!

गोठणं तर आणखी वाईट. बर्फ होताना पाणी बाजूला होतं, उरलेल्या द्रवात क्षार दाटतात. सोडियम फॉस्फेटच्या द्रावणात एक क्षार आधी स्फटिक होऊन बसतो आणि आम्लता एकदम वाढते. हिस्टिडीनचं, सहाच्या आसपास पीएच राखणारं द्रावण आज अनेक औषधांत दिसतं, त्यामागे हेही एक कारण.

साखरेची करामत

द्रवात साखर प्रथिनाच्या पृष्ठभागापासून जरा दूर राहते. त्यामुळे घडी उलगडणं प्रथिनाला महाग पडतं. सुकवताना तीच साखर पाण्याची जागा घेते आणि काचेसारखी घट्ट होऊन रेणूंना जागच्या जागी रोखते. हे निसर्गाला आधीच ठाऊक होतं. उन्हाळ्यात वाळून पावसात पुन्हा हिरव्या होणाऱ्या सपुष्प वनस्पती पेशींत सुक्रोज साठवतात. सुकणं सोसणाऱ्या अशा ६२ वनस्पती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात नोंदवल्या आहेत.

साखर, सॉर्बिटॉल किंवा अमिनो आम्लांच्या सोबतीने अँटिबॉडी काय सोसते पाहा. मानवी रक्तद्रवापासून केलेली काही इम्युनोग्लोब्युलिन विषाणू मारण्यासाठी ६० अंशांवर तब्बल १० तास तापवतात!

उंटाच्या गोतावळ्याचं तर विचारूच नका. उंट-लामांच्या रक्तात हलक्या साखळीविना चालणाऱ्या अँटिबॉडी असतात, हे ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९३ मध्ये जाहीर केलं. त्यांचा टोकाचा तुकडा नेहमीच्या अँटिबॉडीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचा. लामाचे काही तुकडे ९० अंशांवरही आपलं लक्ष्य पकडून ठेवतात.

आपल्याकडे अँटिबॉडी टिकवण्याची सर्वांत जिवाभावाची गोष्ट म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष. तेही घोड्याच्या अँटिबॉडीपासूनच बनतं. द्रवरूप प्रतिविषाला अखंड थंडावा लागतो आणि मुदत असते साधारण दोन वर्षांची. गोठवून सुकवलेली भुकटी थंड जागी ठेवली की पुरते आणि पाच वर्षं टिकते. वीज बेभरवशाची असलेल्या आरोग्य केंद्रात हा फरक एखाद्या शेतकऱ्याचा जीव असतो.

माझं एकच मागणं आहे. खोक्यावर ‘२५ अंशांपर्यंत अमुक दिवस’ एवढं छापून आपल्या उन्हाळ्यात भागत नाही. ३० आणि ४० अंशांवर औषध किती तास टिकतं, हेही कंपन्यांनी मराठीत छापावं.

तोवर घरी अशी इंजेक्शनं असतील तर ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यातच ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागून तर नकोच. हलवू नका. एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी वापरू नका. लोडशेडिंगमध्ये फ्रिज किती वेळ बंद होता ते लिहून ठेवा आणि टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा.