केकवरील आवरण : गोडी कमी, स्वाद अधिक

पंचाहत्तरी असो वा सहस्रचंद्रदर्शन, औक्षणानंतर केक कापण्याची प्रथा आता अनेक घरांत रुजली आहे. आजोबांचा चष्मा, आजींची नऊवारी, पुस्तकांची चळत असे काय काय त्या केकवर घडवलेले असते. ही कलाकुसर ज्या मऊ, लाटता येणाऱ्या गोळ्यातून साकारते, त्याला फॉन्डंट म्हणतात. तो दिसतो देखणा. परंतु खाताना पुष्कळ जण तो सोलून बशीच्या कडेला ठेवतात. ज्यांच्यासाठी केक आणला, त्या वडीलधाऱ्यांनाही त्यात गोडीखेरीज फारसे काही जाणवत नाही.

याचे कारण त्याच्या घडणीत आहे. फॉन्डंट म्हणजे मुख्यत्वे पिठीसाखर. लवचीकपणासाठी तिच्यात ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडा स्निग्धांश आणि जिलेटिन किंवा डिंकासारखा पदार्थ मिसळतात. यांपैकी कशालाही मनात भरेल असा गंध नाही. आपण ज्याला चव म्हणतो, तिच्यात गंधाचा वाटा मोठा असतो आणि उतारवयात घ्राणशक्ती मंदावत जाते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. मेटफॉर्मिनसारख्या गोळीने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. अशा वेळी साखर वाढवून उपयोग होत नाही. सुगंध, किंचित आंबटपणा आणि चिमूटभर मीठ यांची जोड हवी.

घरी हे सहज जमते. पाव किलो तयार फॉन्डंट घ्यावा. त्यात चिमूटभर बारीक मीठ आणि पाव चमचा वेलदोड्याची वस्त्रगाळ पूड मळावी; अथवा एका लिंबाची किसलेली साल व अगदी थोडे लिंबूसत्त्व घालावे. सालीचा पांढरा भाग कडू असतो, तो किसू नये. केशर किंवा कॉफी हवी असल्यास अर्धा चमचा कोमट पाण्यातच विरघळवावी. पाणी अधिक झाले की गोळा चिकट होतो, मग थोडी पिठीसाखर लावून सावरावा लागतो. कोको घातल्यास तो कोरडा पडतो. तेव्हा हाताला किंचित लोणी लावून मळावा. अर्क थेंबाथेंबाने घालून दर वेळी चाखावा. सुगंधी द्रव्य खाण्यायोग्य असल्याचे वेष्टनावर पाहावे. दिव्यातील वा मालिशीची सुवासिक तेले कदापि वापरू नयेत. शेवटी गोळा हवाबंद गुंडाळून रात्रभर ठेवावा, म्हणजे स्वाद सर्वत्र मुरतो.

आवरणाखालचा थरही महत्त्वाचा आहे. जर्दाळूचा आंबटगोड जॅम किंवा कडसर चॉकलेटचा पातळ लेप वरच्या गोडीला तोल देतो. गोव्यात आणि मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत ईस्टरला काजूचे मार्झिपान करतात. सुकामेव्याची ॲलर्जी नसेल, तर फॉन्डंटऐवजी त्याचाही थर देता येतो. त्यातही साखर असतेच. मात्र काजूमुळे त्याला स्वतःची चव असते.

स्वाद वाढला, की आवरण पातळ लाटता येते, आणि वैद्यकीयदृष्ट्या खरा लाभ इथेच आहे. ५० ग्रॅम फॉन्डंटमध्ये सुमारे ४० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमांच्या आत असणे अधिक हिताचे. सहा मिलिमीटरचा थर तीनवर आणला, तर त्यातील साखर निम्मी होते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पक्षाघात वा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर हे चिवट आवरण काढून आतला मऊ केकच द्यावा, तोही डॉक्टरांनी आहाराविषयी सांगितलेली पथ्ये पाळून. कवळीला ते चिकटते. साखरेचे टणक मोती, फुलांतील तारा आणि टोचकाड्या कापण्यापूर्वीच काढून घ्याव्यात. मधुमेहींनी लहान तुकडा जेवणाबरोबर घ्यावा आणि त्या प्रमाणात भात-पोळी कमी करावी. परंतु गोळी वा इन्सुलिनचे प्रमाण स्वतःहून बदलू नये. ‘शुगर-फ्री’ प्रकारातील माल्टिटॉल अधिक खाल्ल्यास पोट फुगते, जुलाबही होतात.

ज्यांचा वाढदिवस आहे, त्यांना आवडणारा गंध आधी विचारून घ्या. वेलची, केशर की कॉफी, हे त्यांनाच ठरवू द्या. सोसेल आणि रुचेल असा एक छोटा तुकडा त्यांच्या ताटात पडला, तर केकवरची सारी सजावट कारणी लागली, असे समजावे.