समुद्रातला उजेड मोबाईलमध्ये कसा धरावा?



आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर काही काळोख्या रात्री लाटा निळ्या चमकतात. त्याचा व्हिडिओ घ्यावा म्हणून मी बाबांचा मोबाईल नेला आणि बॅटरी लावली. झाले, चमक गायब! आजोबा हसले, "अगो बाय, दिवो कित्याक लावतंस? ता काळोखातच दिसता."

ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची असते. पाणी ढवळले की तो स्वतःच उजेड पाडतो. तिथे दिव्याचे कामच नाही. मोबाईल खडकाला टेकवून स्थिर धरायचा, बस्स.

पण दुसऱ्या एका चमकीला दिवा लागतोच. काही प्रवाळ आणि समुद्रपुष्पे (दिसतात फुले, पण आहेत प्राणी) निळा उजेड पिऊन हिरवा किंवा तांबडा बाहेर टाकतात. असे हिरवे चमकणारे प्रथिन शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञांना १९६२ साली एका जेलीफिशमध्ये सापडले. पुढे २००८ साली त्यासाठी नोबेल मिळाले.

त्यासाठीचे महाग दिवे आपल्याला कुठले परवडायला! आधी मी साध्या बॅटरीवर निळा जिलेटीन कागद बांधला. फसला. त्या कागदातून बाकीचे रंगही थोडे निसटतात. मग मामाने निळ्या एलईडीची बॅटरी आणून दिली. तरी सगळे निळेनिळेच दिसे, कारण दगडावरून परतणारा निळा उजेड मंद हिरव्याला झाकून टाकतो. म्हणून मोबाईलच्या भिंगावर पिवळ्या जिलेटीनचे दोन पदर लावले. गॅदरिंगच्या दिव्यांना लावतात तेच. पिवळा कागद निळ्याला अडवतो आणि हिरव्याला सोडतो.

मोबाईलसाठी प्लॅस्टिकची पाणीबंद पिशवी घेतली. बाबांचा जीव टांगणीला! म्हणून आधी पिशवीत कोरडा कागद आणि एक गोटा घालून ती बादलीत तासभर बुडवली. कागद कोरडाच राहिला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. पाण्यात पडद्याला बोट लागू पडत नाही, तेव्हा चित्रण वरच सुरू करावे. बॅटरी बाजूने धरावी, नाहीतर पाण्यातला गाळच चमकतो. निळ्या दिव्याकडे कोणी टक लावून बघू नये, आणि प्राण्यांना हात तर मुळीच लावू नये.

अमावास्येच्या ओहोटीला, अंधार पडता पडता, बाबांबरोबर खडकातल्या डबक्याशी गेले. एक समुद्रपुष्प हिरवेगार पेटल्यासारखे दिसले! व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. त्यात बाबांचा अंगठाही आलाय.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी