ऑक्सिजन सेन्सर कधी बदलायचा आणि कधी नाही

आजचा विषय सरळ खिशाशी निगडित आहे. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि सांगतात, "ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल." तो खरंच गेला का, हे कसं ओळखायचं ते आज आपण बघू.

आधी तो करतो काय? एक्झॉस्ट पाइपमध्ये बसून धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो सांगतो. नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज पेट्रोल जास्त झालं की ०.९च्या आसपास जातो, हवा जास्त झाली की ०.१च्या आसपास येतो. त्यावरून इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉल मिसळलं की थोडी कमी. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा आला. आता बीएस-६ नियमांमुळे आपल्या स्कूटरलाही तो असतो.

नागपुरात हमखास विचारतात: नवतपात ऊन ४५ अंशांवर जातं, त्याने सेन्सर खराब होतो का? नाही. सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय हा सेन्सर कामच सुरू करत नाही. म्हणून तर त्याच्या आत हीटर दिलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. स्कॅनरवर सेन्सरचं नाव आलं म्हणजे दोष सेन्सरचाच, असं नाही. पी०१७१ हा कोड म्हणतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, थकलेला पेट्रोल पंप असेल किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल. सेन्सर बिचारा खरं तेच सांगतोय! पी०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटचा दोष. तिथे आधी फ्यूज आणि कनेक्टर बघायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीत कनेक्टरच्या पिना गंजलेल्या असू शकतात.

पी०४२० आला तर आणखी सावध राहा. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर सारखा खाली-वर होतो, मागचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर बहुधा कन्व्हर्टर थकलाय. सेन्सर बदलून दिवा परत लागणारच.

मग तपासायचं कसं? इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज बघायला सांगा. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की तो ०.८च्या वर जायला हवा, सोडला की ०.२च्या खाली यायला हवा, तेही लगेच. गळती नाही, वायरिंग ठीक आहे आणि तरी व्होल्टेज एकाच जागी अडकलाय किंवा रेंगाळत हलतोय, तर सेन्सर बदला. हीटरची तार आतून तुटली असेल तरीही बदला. एक लक्षात ठेवा: बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत. त्याच्यासाठी कंपनीचं मॅन्युअलच बघायचं.

काढलेल्या सेन्सरचं टोकही बघा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा थर असेल तर सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट आत गेलेलं असू शकतं. ते कारण दूर केलं नाही, तर नवा सेन्सरही तसाच जाईल.

हीटर असलेला सेन्सर साधारण एक लाख किलोमीटर किंवा जास्तही चालतो. पण नुसता किलोमीटरचा आकडा बघून बदलायची घाई नको. उलट, खरंच मंदावलेला सेन्सर तसाच ठेवू नका. पेट्रोल जास्त जात राहतं, अ‍ॅव्हरेज पडतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. कन्व्हर्टर सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो. पीयूसीच्या जुन्या पावत्या जपून ठेवा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. तुमचा आकडा दरवेळी तिच्याकडे सरकत असेल, तर दिवा लागायची वाट न बघता तपासणी करून घ्या.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.