क्योतोतलं इंद्र-ब्रह्मदेवाचं दर्शन

ओसाकाला मैत्रिणीकडे गेले होते. तिथून क्योतो जलद लोकलने अर्ध्या तासावर. सुवर्णमंदिर, लाल कमानी सगळेच पाहतात. मैत्रीण मला आधी घेऊन गेली ती सान्जूसान्गेन्दोला.

सुमारे १२० मीटर लांबीचं हे लाकडी सभागृह. ११६४ मध्ये बांधलं, १२४९ च्या आगीत गेलं, १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आत कान्नोनच्या १००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत भेटतो तोच. त्यांतल्या १२४ मूर्ती आगीतून वाचवलेल्या, मूळच्या!

पण मी खिळले ती पुढच्या २८ रक्षकदेवतांपाशी. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड! भारतातल्या देवता बौद्ध धर्मासोबत चीन-कोरियामार्गे इथवर पोचल्या आणि जपानी शिल्पकारांनी त्यांना आपल्या चेहऱ्यामोहऱ्याचं केलं. मला तरी क्योतोत यापेक्षा मोलाचं काही दिसलं नाही.

आत फोटो काढायला मनाई आहे, बूट बाहेर काढावे लागतात. सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. समोरच राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही जोडून घ्या.

क्योतोला जायचं ठरवत असाल तर कमेंटमध्ये जरूर विचारा, माहीत असलेलं सगळं सांगेन.