बाळाला सुई, आई मात्र बाहेर

नागपुरात मेडिकल असो, मेयो असो की डागा रुग्णालय, जन्मलेल्या बाळाला पहिल्याच दिवसात दोन-तीन सुया टोचल्या जातात. मांडीत व्हिटॅमिन के आणि हेपॅटायटिस बी, डाव्या दंडावर बीसीजी. विदर्भात त्यात सिकलसेल या रक्तविकाराच्या तपासणीची भर पडू शकते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सिकलसेल असलेल्या मातांच्या नवजात बाळांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा तपासणीसाठी बाळाच्या टाचेला टोचून थेंबभर रक्त घेता येतं. या सुया टाळायच्या नाहीतच. प्रश्न एवढाच, की त्या टोचताना बाळासाठी आपण काय करतो.

‘एवढ्याशा जिवाला काय कळतं?’ हे फक्त घरातल्या आजीचं म्हणणं नाही, डॉक्टरही हेच मानत. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचं वेष्टन पुरतं तयार नसतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही, असा त्यांचा तर्क होता. पण मोठ्या माणसाच्याही बऱ्याचशा वेदना वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतूनच जातात! इंदूरच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बाळांनाही वेदना होतात याचा पुरावाच मांडला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना स्नायू सैल करणारं औषध आणि नायट्रस ऑक्साइड, एवढंच देत. आनंद यांनी काही बाळांना त्यासोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कितीतरी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही जास्त झाली.

‘रडत नाही, म्हणजे दुखत नाही’ हा त्या पहिल्या समजाचाच धाकटा भाऊ. काचेच्या पेटीतल्या अशक्त बाळात कधीकधी रडायचीही ताकद नसते. तेव्हा कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, वाढलेले ठोके आणि उतरणारा ऑक्सिजन पाहायचा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र तिसऱ्या समजुतीने होतं: ‘आईला बाहेर थांबवा. पाजताना टोचलं तर ठसका लागेल.’ अभ्यासांत असं आढळलेलं नाही. उलट, पाजताना सुई दिलेली बाळं कमी रडतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही लसीच्या वेळी स्तनपान करावं असं 2015 मध्ये सुचवलं. फक्त घाई नको. बाळाने नीट धरून चोखायला सुरुवात करावी, मग टोचावं, आणि नंतरही दूध सुरूच ठेवावं. पाजणं शक्य नसेल तर बाळाला उघड्या छातीशी धरायचं, सुईच्या निदान दहा-पंधरा मिनिटं आधीपासून. हीच ती 1978 मध्ये बोगोटात सुरू झालेली कांगारू पद्धत. त्यासाठी बापाची छातीही चालते. आईला बाहेर पाठवायचं कारण बहुतेकदा वॉर्डाची सोय हेच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आई जवळ नसेल तर साखरेच्या द्रावणाचे मोजके थेंब सुईच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर देतात. आपल्याकडे 25 टक्के ग्लुकोजही वापरतात. त्याने रडणं कमी होतं. मेंदूपर्यंत जाणारी वेदनाही तितकीच कमी होते का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण हे थेंब देणं दवाखान्याचं काम. ‘मग घरी मध चाटवू’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. वर्षाच्या आत मध दिल्यास बॉट्युलिझमचा धोका असतो.

आधीच पाजलेलं पॅरासिटामॉल सुईची कळ थांबवत नाही. टोचलेली जागा चोळूनही उपयोग नाही. टाच शेकल्यानेही दुखणं कमी होत नाही. जास्त रक्त लागणार असेल, तर सराईत हाताने शिरेतून घेतलेलं टाचेपेक्षा कमी दुखतं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

दीड महिन्याच्या लसीकरणाला जाल, तेव्हा बाळाला आडवं दाबून धरू नका, मांडीवर उभं धरा. पेंटाव्हॅलंट लस आधी आणि जास्त झोंबणारी पीसीव्ही (न्यूमोकोकल लस) शेवटी द्याल का, एवढं सिस्टरना विचारा.