औषधांची दुसरी खेळी, भाग ५ : सौम्य, पण कोणत्या अवयवाला?

२०२० च्या उन्हाळ्यात, कोविडवर मलेरियाची औषधं आजमावली जात असताना, एक वाक्य सर्रास कानावर पडायचं : क्लोरोक्विनपेक्षा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सौम्य. ते खोटं नव्हतं. बायर कंपनीच्या हान्स अँडरझाग यांनी १९३४ मध्ये बनवलेल्या क्लोरोक्विनच्या रेणूला पुढे एक हायड्रॉक्सिल गट जोडला गेला, तेच हे धाकटं भावंड. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण ते वर्षानुवर्षं घेतात. पण सौम्य कोणत्या अवयवाला आणि किती मात्रेत, हे तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं.

आपल्या पेशींत लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्या असतात. टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट तिथे लागते. ही दोन्ही औषधं अल्कधर्मी. ती पिशवीत सहज शिरतात, आतल्या आम्लामुळे त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि मग बाहेरची वाट बंद होते. म्हणूनच ती रक्तापेक्षा ऊतींमध्ये कितीतरी पटींनी साठतात आणि गोळ्या थांबवल्यावरही अनेक आठवडे शरीरात राहतात. पिशवीतली आम्लता घटली की कोविडच्या विषाणूचा पेशीतला प्रवेश अडेल, ही आशा याच गुणातून आली होती. धोकाही त्यातूनच येतो.

डोळ्यात ही औषधं मेलॅनिन या रंगद्रव्याला चिकटतात आणि दृष्टिपटलाला इजा करू शकतात. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये रोजची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोमागे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसाठी ५ मिलिग्रॅम, तर क्लोरोक्विनसाठी जेमतेम २.३ मिलिग्रॅम सांगितली. धाकट्या भावंडाची सौम्यता इथे खरीच दिसते. मात्र ही इजा व्हायला सहसा वर्षं लागतात, आणि कोविडचा उपचार होता काही दिवसांचा.

त्या काही दिवसांत खरी काळजी हृदयाची होती. दोन्ही औषधं हृदयपेशींतला पोटॅशियमचा मार्ग अडवतात. ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं आणि ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. ब्राझीलमधल्या मनौस शहरात ८१ रुग्णांवर क्लोरोक्विनच्या दोन मात्रांची चाचणी झाली. जास्त मात्रा दिवसाला १२०० मिलिग्रॅमची. त्या गटातले ३९ टक्के रुग्ण दगावले, कमी मात्रेच्या गटातले १५ टक्के. जास्त मात्रेच्या गटात वयस्कर आणि हृदयविकाराचे रुग्ण अधिक होते, हेही लक्षात ठेवायला हवं. शिवाय सगळ्यांना अॅझिथ्रोमायसिन चालू होतं आणि तेही क्यूटी लांबवतं. तरीही संशोधकांनी जास्त मात्रा तातडीने थांबवली, ते योग्यच झालं.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतलेल्यांपैकी २८ दिवसांत २७ टक्के मृत्यू पावले, नेहमीच्या उपचारांत २५ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. फायदा मात्र दिसला नाही. फायदाच नसेल तर थोडासा धोकाही रुग्णाच्या माथी मारणं मला मान्य नाही.

ल्युपसच्या रुग्णांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना या गोळीचा खरा उपयोग होतो. त्यांनी पहिल्या वर्षात एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी आणि पाच वर्षांनंतर ती दरवर्षी करावी. गोळी मनाने बंद करू नये.

पुढच्या आठवड्यात : मेफ्लोक्विन आणि मेंदू.