वावड्याचे तट्टू घरी आणावे काय?

मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित कुटुंबांस अलीकडे शहराबाहेर जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन तेथे चार झाडे लावण्याची आणि साधल्यास एखादे जनावर बाळगण्याची हौस वाटू लागली आहे. ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. गाईविषयी किंवा कुत्र्याविषयी सल्ला द्यावयास शेजारीपाजारी कोणीही पुढे येतो. परंतु घोड्याविषयी चार शब्द जाणतेपणाने सांगणारा मनुष्य पांढरपेशा वस्तीत आता क्वचितच भेटतो. म्हणूनच आमच्या परिचयातील एका कुटुंबाने गेल्या पावसाळ्यात जो प्रश्न आमच्यापुढे ठेवला, तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान असलेल्या चामटोली गावी या कुटुंबाची थोडी जमीन आहे. नेरळकडील एका घोडेवाल्याने त्यांस नऊ वर्षांची एक तट्टाणी जवळजवळ फुकट देऊ केली. तट्टाणी स्वभावाने गरीब, मुलांस पाठीवर घेऊन मुकाट्याने चालणारी. दोष एवढाच की तिला अंगाची खाज सुटते आणि पावसाळ्यात थोडा खोकलाही असतो. 'वावडे आहे, दुसरे काही नाही', असे घोडेवाल्याचे म्हणणे. मुलांनी तर तिचे नावही ठरवून टाकले होते. घ्यावी की न घ्यावी, एवढाच प्रश्न होता.

घोडा या प्रदेशास नवा नव्हे. प्रवासात येथे घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी लोकांत समजूत आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र आपल्याकडे इतके रुजले होते की घोड्याच्या वैद्यास 'सालोत्री' हेच नाव पडले. आणि विराटाच्या घरी अज्ञातवासात ग्रंथिक हे नाव घेऊन नकुलाने अश्वशाळाच सांभाळली, हे महाभारताच्या वाचकांस ठाऊकच आहे. चामटोलीहून पुण्याच्या दिशेने वांगणी आणि शेलू ही स्थानके ओलांडली की नेरळ लागते. नेरळच्या डोंगरावरील माथेरानात मोटारींस बंदी असल्यामुळे तेथे परवान्याचे चारशेहून अधिक घोडे आजही प्रवाशांची ने-आण करितात. १९०७ साली तेथे छोटी आगगाडी गेली, तरी घोड्याचे काम संपले नाही. २०२२ च्या डिसेंबरात मात्र विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग तेथे सुरू झाला आणि घोडेवाल्यांस पुढची काळजी वाटू लागली. धंद्याला न चालणारे जनावर पोसणे अशा माणसास परवडत नाही. तो ते फुकट देऊ करितो यात लबाडीच असते असे नव्हे. पुष्कळदा नाइलाज असतो. दुसरा कोणी गिऱ्हाईक न मिळाल्यास असे जनावर ओझ्याच्या कामी जाते, आणि तेथे त्याच्या खाजेकडे कोण पाहणार? प्रश्नाचे गांभीर्य यातच आहे. नकार देणे सोपे नाही; पण कोणत्याही विचाराशिवाय होकार देणे हीसुद्धा दया नव्हे.

घोड्याच्या अंगाची ही खाज बहुधा एका सूक्ष्म चिलटाच्या चाव्याने उत्पन्न होते. या चिलटास शास्त्रज्ञ क्युलिकॉइड्स म्हणतात. ते एक ते तीन मिलिमीटरांचे असते, आणि त्याची मादी रक्त शोषते. तिच्या लाळेतील द्रव्ये सर्वच घोड्यांच्या कातडीत शिरतात; परंतु काही घोड्यांच्या शरीरास त्यांचे वावडे असते, आणि ज्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो ती क्रिया सुरू होते. आयाळीचे मूळ, शेपटीचे बूड आणि पोटाची मधली रेघ या जागी खाज सुटते. जनावर खांब, भिंत, झाड जे मिळेल त्यावर अंग घासते. केस तुटतात, कातडी जाड होऊन तिला सुरकुत्या पडतात, आणि जखम उघडी राहिल्यास तीत पू किंवा किडे होतात. हा रोग एका जनावराकडून दुसऱ्यास लागत नाही. मात्र त्याची प्रवृत्ती आईबापांकडून येऊ शकते. तो समूळ बरा होत नाही, आणि वर्षे जातात तसा बहुधा वाढतो.

या बाबतीत आइसलंडचे उदाहरण बोधप्रद आहे. त्या थंड बेटावर पूर्वापार हे चिलट नव्हतेच. तेथील धट्टीकट्टी लहान चणीची घोडी युरोपच्या मुख्य भूमीवर विकली गेली म्हणजे त्यांपैकी पुष्कळांस ही खाज जडते. त्याच जातीच्या, पण युरोपातच जन्मलेल्या घोड्यांस ती त्यामानाने कमी होते. आणि एकदा देशाबाहेर गेलेल्या घोड्यास त्या बेटावर परत घेत नाहीत, असा तेथील कायदा आहे. म्हणजे रोग जितका जनावरात, तितकाच तो जागेतही आहे. ज्या घोड्यास माळावर फारसा त्रास नाही, तोच घोडा दलदलीच्या काठी आणून बांधल्यास हैराण होतो. म्हणून 'हे तट्टू चांगले आहे काय?' एवढे विचारून भागत नाही. 'हे तट्टू आमच्या जागी सुखाने राहील काय?' असे विचारावे लागते.

आता चामटोलीची जागा पाहा. जवळून उल्हास नदी वाहते, भोवती भाताची खाचरे आहेत, आणि जून ते सप्टेंबर आकाश मोकळे दिसणे कठीण. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस याच परिसरात पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंस बाहेर काढावे लागले, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेल. चिखल, ओली माती आणि कुजणारे शेण हेच त्या चिलटाचे जन्मस्थान. थंड देशांत त्याचा त्रास उन्हाळ्याच्या काही महिन्यांपुरता असतो. आपल्या कोकणपट्टीच्या उबदार, दमट हवेत तो वर्षाचा बराच भाग टिकतो. पहाटे व तिन्हीसांजा आणि वारा पडला असता ही चिलटे विशेष उठतात.

यावरून उपायही सुचतात. चिलट उडण्यास अगदी दुबळे असल्यामुळे किंचित वाऱ्यातही ते टिकत नाही. ठाणावर मोठा विजेचा पंखा लाविल्यास बराच गुण येतो. दिवस मावळण्यापूर्वी जनावर आत घ्यावे आणि ऊन वर आल्यावर बाहेर सोडावे. दारे-खिडक्यांस जाळी लावावी; परंतु मच्छरदाणीची नेहमीची जाळी यास पुरत नाही, ती याहून बारीक विणीची लागते. अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत पातळ झूल घालावी. शेण रोज दूर न्यावे. कीटकांस पळविणारी औषधे पशुवैद्याच्या सांगण्यावरून लावता येतात. मात्र त्यांपैकी परमेथ्रिन नावाचे द्रव्य मांजरास घातक आहे, हे घरात मांजर असणाऱ्यांनी विसरू नये. स्टेरॉइडच्या औषधाने खाज लवकर शमते. पण त्यापासून खुरांचा तीव्र दाह होण्याचा धोका असल्यामुळे ते मनास येईल तसे द्यावयाचे औषध नव्हे.

परंतु या तट्टाणीस खोकलाही होता, आणि खरी अडचण येथेच उभी राहिली. घोड्याचा असा जुनाट खोकला पुष्कळदा गवत-पेंढ्यातील बुरशीच्या धुळीचे वावडे असल्यामुळे होतो. श्वास सोडताना पोट ओढले जाते, नाकपुड्या फुलतात, आणि थोड्या श्रमाने दम लागतो. पावसाळ्यात भिजून कोंदटलेला भाताचा पेंढा म्हणजे अशा जनावरास विषच. त्याचा उत्तम उपाय म्हणजे बंद तबेल्यातून काढून मोकळ्या हवेत ठेवणे आणि चारा पाण्यात भिजवून देणे. म्हणजे खाजेसाठी आत बांधावे, तर खोकला वाढतो. आणि खोकल्यासाठी बाहेर सोडावे, तर खाज वाढते! दोन्ही साधावयाचे तर ठाण उंच छपराचे, चहूबाजूंनी हवा खेळणारे, तरीही बारीक जाळीने वेढलेले, अखंड पंख्याचे आणि पेंढ्याऐवजी धूळ न उडणाऱ्या बिछान्याचे असावयास हवे. हे अशक्य नाही. पण वीज गेल्यावर काय, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

त्या कुटुंबाच्या विनंतीवरून आम्ही ती तट्टाणी दोनदा पाहिली. प्रथम भर दुपारी पाहिली, तेव्हा आयाळ विरळ असण्यापलीकडे काही दिसले नाही; तोबऱ्यातील चंदी ती शांतपणे खात होती. दुसऱ्या वेळी मुद्दाम तिन्हीसांजेस गेलो. दिवस कलताच तिने पाय आपटण्यास आरंभ केला, आणि अर्ध्या घटकेत कुंपणाच्या खांबावर शेपटीचे बूड इतके घासले की रक्त आले. धाकट्या मुलीने, 'हिला रोज असं होतं?' एवढेच विचारले. मोतद्दाराने मान हलविली. ज्यांस असे जनावर घ्यावयाचे असेल त्यांनी ते संध्याकाळी आणि साधल्यास पावसाळ्यातच पाहावे. हिवाळ्यातील दुपारी पाहून केलेला सौदा पुढे महागात पडतो.

निश्चयापूर्वी पशुवैद्याची तपासणीही अवश्य हवी. प्रत्येक खाज वावड्याचीच असते असे नाही. खरूज, गजकर्ण किंवा उवा यांनीही ती होते, आणि हे रोग बरे होणारे आहेत. कातडीवर गाठी वा वाहणारे व्रण असतील तर ग्लँडर्स या रोगाची शंका घेतलीच पाहिजे. तो माणसासही होतो, आणि जनावरांच्या साथीच्या रोगांविषयी २००९ साली झालेल्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी देणे बंधनकारक आहे. त्यासाठी रक्ताची परीक्षा होते. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामी प्रमुख होय. घरातील मुलांपैकी कोणास दमा असल्यास आणखी एक सावधगिरी: घोड्याच्या केसांतील कोंड्याचे वावडे माणसासही असू शकते. तेव्हा जनावर आणण्यापूर्वी मुलास दोन-चार वेळा त्याच्या सहवासात ठेवून पाहावे व डॉक्टरांस विचारावे.

याखेरीज साध्या हिशेबाच्या गोष्टी आहेत. तट्टू नीट राखल्यास पंचवीस-तीस वर्षे जगते. नऊ वर्षांचे आणले तर आजची शाळकरी मुले संसारास लागेपर्यंत ते दाराशी असणार. दोनअडीचशे किलो वजनाच्या तट्टास रोज चार ते पाच किलो वाळला चारा लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दातांची तपासणी, धनुर्वाताची लस, हे चुकत नाही. घोडा कळपातला प्राणी. एकटा बांधिला तर झुरतो. आणि वावड्याच्या जनावरास तर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी आत-बाहेर करणारा मनुष्य बारा महिने जागेवर हवा. आमचे हे स्नेही चामटोलीस शनिवार-रविवारी जात.

या शेवटच्या एका गोष्टीनेच निकाल लागला. गृहस्थांचा कल घेण्याकडे होता. गृहिणीने मात्र शांतपणे विचारले, 'सोमवारी संध्याकाळी हिला आत कोण घेणार?' या प्रश्नास उत्तर नव्हते. चामटोलीस तिला न आणण्याचे ठरले. परंतु तेवढ्यावर ते कुटुंब थांबले नाही. त्यांचे आप्त देशावर, भीमेच्या खोऱ्यातील एका कोरड्या माळावर शेती करितात. ही भीमथडी तट्टांची जुनी भूमी. वारा मोकळा, पाऊस बेताचा, आणि पाटाचे पाणी व उसाचे मळे त्या माळापासून दूर. आप्तांकडे एक म्हातारे तट्टू आधीच होते. रक्तपरीक्षा निर्दोष येताच तट्टाणीची रवानगी तेथे झाली. चारा, चंदी आणि औषध यांचा खर्च हे कुटुंब पाठविते. खाज अगदी गेलेली नाही. पण आयाळीत नवे केस येत आहेत, आणि उघड्यावर राहिल्याने खोकला बराच कमी आहे. मुलांस तिची भेट सुटीतच होते, याचे त्यांस वाईट वाटते, आणि ते साहजिकच आहे.

सर्वांस असा माळ आणि असे आप्त लाभतील असे नाही. म्हणून वाचकांनी स्वतःस तीन गोष्टी विचाराव्यात: आपली जागा उंच, वाऱ्याची व निचऱ्याची आहे काय, तिन्हीसांजेस रोज हजर राहणारे विश्वासू माणूस आहे काय, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांच्या खर्चाची तयारी आहे काय. तिन्हींस निःशंक होकार असेल तर वावड्याचे तट्टू अवश्य घ्यावे. त्याच्या इतका ऋणी प्राणी मिळणे कठीण. पहिल्यास नकार असेल तर पैसा आणि माया दोन्ही असूनही त्याचे हाल होतील. अशा वेळी दुसऱ्याच्या कोरड्या ठाणावर त्याच्या चाऱ्याचा भार उचलावा. मुलांसही ही गोष्ट समजावून सांगावी. जनावर आपल्या दाराशी नसले तरी ते आपलेच असू शकते, एवढे मुलांस सहज उमगते.